धामणीचं दुसरं अर्धुक

बाबा,

तुमच्या धामणीच्या ओंडक्याचं दुसरं अर्धुक आत्ता माझ्यासमोर टेबलावर आहे. अर्धुक आपलं सवयीनं म्हणते, एरवी त्याचं आता धनुष्य झालंय. साडेपाच फूट लांब, मूठ जाड, दोन्ही हात रुंद आणि चपटे, टोकाकडे निमुळते होत गेलेले. वीस इंचांपर्यंत ताणून झालं, सव्वीसला न्यायचं बाकी आहे. आज दुपारी दोन वाजता नेणार आहे. आत्ता साडेअकरा झालेत, मे महिन्यातलं अकोल्याचं ऊन अंगणात उतरलंय, कूलर नुसताच गरगरतोय आणि हाताला काही काम नाही, म्हणून लिहायला बसले. तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत एक ओळ लिहिली नाही आणि आज लिहितेय तेही भीतीपोटी, हे आधीच सांगून टाकते.

भीती साधी आहे. हे लाकूड आज मोडलं, तर तुम्ही लोकांना जे सांगत आलात ते खरं होतं, धामण दगाबाज निघाली होती, आणि मी सुटले. नाही मोडलं, तर लाकडात तेव्हाही खोट नव्हती, आणि तुमचं धनुष्य मी मोडलं. अठ्ठावीस वर्षं मी या दोन्हींच्या मधल्या जागेत बसून आहे. ती जागा तशी वाईट नसते. माणूस तिथं बसून आयटीआयची परीक्षा देतो, नोकरीला लागतो, पोरांना पटाशी कशी धरायची ते शिकवतो, संसार करतो. फक्त कुणी धनुष्याचा विषय काढला की उठून पाणी प्यायला जातो.

ही जागा सोडावी लागली ती धाकट्यामुळे. वलगावचं आपलं टिनाचं शेड पाडून तो तिथं स्लॅबच्या दोन खोल्या काढतोय. फेब्रुवारीत त्याचा फोन आला. "ताई, थे दगाबाज लाकूड सापडलं आढ्यावर. पोत्यात गुंडाळून ठेवलं होतं बाबानं. चुलीत घालून राहिलो, म्हटलं तुले सांगाव." मी म्हटलं थांब, हात लावू नको, मी येते. तो म्हणाला, "काहून? बाबाचा डोळा गेला असता त्याच्या पायी." दुसऱ्या दिवशी मी वलगावात होते. पोत्याची सुतळी तुम्ही बांधलेली, दोन्ही टोकांना तुम्ही फासलेलं डांबर अजून जसंच्या तसं. परत येताना एसटीत कंडक्टर म्हणाला, बाई, ह्याचंही तिकीट लागीन. मी मुकाट्यानं काढलं.

तो ओंडका तुम्ही परतवाड्याच्या लाकूड बाजारातून आणला तेव्हा मी बरोबर होते. मी पंधराची असेन. अमरावतीच्या मैदानावर तिरंदाजी शिकायला जायला लागून वर्ष झालं होतं आणि तिथली बांबूची धनुष्यं पाळीपाळीनं वापरावी लागायची. तुम्ही म्हणालात, पुढच्या साली अकोल्याच्या स्पर्धेले तू सोताचं धनुष्य घेऊन जाशीन. बाजारात सागाच्या राशी होत्या, सरळ, देखण्या. मी साग म्हटलं. तुम्ही हसलात. "साग दाराले, बाभूळ बंडीले, अन् धामण वाकाले." मग त्या वाकड्यातिकड्या ढिगातून तुम्ही तासभर ओंडके उपसत राहिलात. एका टोकाला मला बसवायचं, नखानं खरवडायला सांगायचं, आणि दुसऱ्या टोकाला तुम्ही कान लावायचा. नखाचा आवाज आरपार आला तर लाकूड आतून धड. सहा ओंडके मुके निघाले. सातवा बोलला. त्याला एका बाजूला फांदीची गाठ होती, ती मी दाखवली, तर तुम्ही म्हणालात, "असू दे. बिनगाठीचं झाड मी पायलं नाही."

घरी आणून तुम्ही तो करवतीनं कापला नाही, पाचरी ठोकून फोडला. करवत आपल्या मनानं जाते, पाचर लाकडाच्या मनानं जाते, असं तुमचं. फांदीच्या बरोबर मधून तो उकलला, म्हणून दोन्ही अर्धुकांना एकाच जागी, मुठीच्या वर वीतभर, अर्धी अर्धी गाठ आली. दोन्हींच्या टोकांना डांबर फासून वर्षभर आढ्यावर टाकली. उन्हाळ्यात खाली काढून रांजणाजवळ उभी करायचात. आई वैतागायची, पाण्याला येताजाता पायात येतं म्हणून. तुम्ही सांगायचात की वैशाखात लाकूड तहानेनं कडक होतं, त्याला रांजणाची ओल लागते, आणि काही झालं तरी उन्हाळ्याच्या दुपारी धनुष्य ताणायचं नाही, पावसाची वाट पाहायची. हे सगळं तुम्ही मेळघाटातल्या एका कोरकू म्हाताऱ्याकडून शिकला होता, त्यात ज्याचं धनुष्य त्यानंच पहिला पुरा ताण घ्यायचा हेही होतं. तो मान दुसऱ्या कुणाचा नाही.

तुमचा गावात काय मान होता, हे मला तेव्हा कळत होतं असं नाही. आपल्या घरात सुतारकी नव्हती. आजोबा मजुरी करायचे; तुम्ही आयटीआय करून हत्यार धरणारे आपल्या वस्तीतले पहिले. आधी लोक हसले. मग एकेकाची बैलबंडी, एकेकाचं दार तुमच्या हातून गेलं, आणि ज्यांच्या ओसरीवर आजोबांना चढता येत नव्हतं ते लोक लाकूड घेऊन आपल्या शेडात यायला लागले. जरा पाहा बरं, हे टिकेल का? तुम्ही बोटाच्या पेराने वाजवायचात, ओलं बोट लावायचात, अंगठा फिरवायचात आणि सांगायचात. तुमचं सांगणं चुकलं नाही कधी. पिढीजात सुतारही शेवटी तुम्हाला विचारून ओंडका घ्यायचा. तुम्ही यावर कधी फुशारकी मारली नाही, पण कुणी लाकूड घेऊन आलं की आधी हात धुऊन, शर्टाची बटणं लावून बाहेर यायचात, ते मला आठवतं.

धनुष्याला तुम्ही चार महिने लावलेत. निशाणाकडची बाजू ती पाठ, आपल्याकडची ते पोट. काढायचं ते पोटाकडूनच, काचेच्या तुकड्यानं, कागदासारखा पापुद्रा निघेल एवढंच. जिथं वाकत नाही तिथूनच काढायचं, जिथं जास्त वाकतं तिथं हात लावायचा नाही. आणि पाठीला तर नाहीच. गाठीवर पाठीला एक टेंगूळ होतं, लाकडाच्या रेघा त्याला वळसा घालून गेलेल्या. मैदानावरच्या मुलींना मी एकदा ते अर्धवट धनुष्य दाखवायला नेलं, त्यानंच सगळी माती झाली. धामण म्हणजे साप ना गं, असं एक म्हणाली, आणि दुसरी म्हणाली, ह्या सापानं उंदीर गिळलेला दिसते. मी घरी आल्यावर म्हटलं, बाबा, हे टेंगूळ काढा. तुम्ही काच खाली ठेवलीत. मला आवाज चढवून बोललात ते आयुष्यात दोनदाच, त्यातली ही एक वेळ. "पाठ म्हंजे चामडी व्हय. चामडी सोलून माणूस वाचते काय? दिसू दे गाठ. लोकायले पाहाले केलं काय थे? पुन्यांदा म्हनू नको." मी रडले नाही. मी ठरवलं.

तुम्ही चांदूर रेल्वेला एका घराची दारं बसवायला तीन दिवस गेलात. पहिल्याच दिवशी मी तुमचा लहान रंधा घेतला. पाच मिनिटांचं काम होतं. टेंगूळ सपाट झालं, वळसा घेतलेल्या रेघा कापल्या गेल्या आणि तिथं आतल्या थराचा फिकट डोळा उघडा पडला. त्यावर पॉलिश पेपर मारला, मग चहाचं पाणी, मग अळशीचं तेल, दोनदा. रंग मिळाला. हात फिरवला तर काय गुळगुळीत. मला तर ते फार सुंदर वाटलं होतं, बाबा. खोटं कशाला बोलू. ते खुंटीला लावताना मला तुमच्यापेक्षा जास्त समजतं असंही वाटलं होतं.

तुम्ही आलात त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. थंडी होती, म्हणजे उन्हाळ्याच्या माथी मारायलाही काही नाही. शेडात तिघे जण बसले होते, एक मोठा शेतकरी नांगराच्या लाकडाबद्दल विचारायला आलेला, दोघं त्याच्यासोबत. तुम्ही म्हणालात, थांबा, आमच्या पोरीचं धनुष्य आज पुरं होते, पाहून जा. दोरी चढवलीत. मी हात पुढे केला, पहिला ताण माझा म्हणून. तुम्ही पाठीवरून अंगठा फिरवलात, नेहमीसारखा. आणि माझ्याकडे बघून म्हणालात, "माय, तू दारात जाऊन उभी राय. पहिला ताण मी घेतो." मला असा राग आला. लोकांपुढे माझा मान काढून घेता, म्हणून मी तोंड फुगवून दारात गेले. पाठ फिरवून उभी राहिले. म्हणून मला ते मोडताना दिसलं नाही, फक्त आवाज आला, आणि वळले तेव्हा धनुष्याचा वरचा हात गाठीपाशी तुटून लोंबत होता आणि तुमच्या भुवईतून रक्त डोळ्यात उतरत होतं.

दवाखान्यात पाच टाके पडले. डोळा थोडक्यात वाचला. शेडातल्या त्या तिघांना तुम्ही फडकं दाबून धरलेल्या अवस्थेत सांगितलंत, "लाकडानं दगा देल्ला. माही निवड चुकली." ते वाक्य गावभर झालं. आठ दिवसांत मी किराणा दुकानासमोर ऐकलं, कुणीतरी हसत म्हणत होतं, "आयटीआयचा कागद असला म्हून लाकूड समजते काय? थे पिढीजात लागते, बाप्पा." त्यानंतरही लोक यायचे विचारायला, पूर्वीइतके नाही पण यायचे. तुम्ही बटणं न लावताच बाहेर यायचात आणि म्हणायचात, दुसऱ्याले इचारा, माह्या हातून चूक होते. दारं-खिडक्या करत राहिलात दहा वर्षं. ओंडक्याला कान लावताना मी तुम्हाला परत पाहिलं नाही.

मी सांगणार होते. दवाखान्यात सांगणार होते, स्पर्धा झाल्यावर सांगणार होते (गेले मी, मागून आणलेलं बांबूचं धनुष्य घेऊन, एकही बाण धड लागला नाही), आयटीआयला सुतारकामाला नाव घातलं त्या दिवशी सांगणार होते. मग एक सोय सापडली. रंध्यानं मोडलं हे तरी कशावरून? लाकूडच खराब असेल. तुम्हीच तर म्हणता. एकदा ही सोय सापडली की माणूस तिच्यावर अंथरूण घालतो.

पाऊण वाजला. हे दुसरं मी अगदी तुमच्यासारखं केलंय, फक्त दोन इंच लांब ठेवलं, म्हणजे लाकडावर ताण कमी येतो. हे मी जीव लावून केलं, यात कसूर नाही. टेंगूळ जसंच्या तसं आहे. आता उठते. ताणण्याआधी एकदा हात फिरवून बघते.

साडेचार.

क्रमानं लिहिते, नाहीतर शेवटाकडे धावेन.

दीड वाजता मागच्या व्हरांड्यात गेले. भिंतीला फळी ठोकलेली आहे, तिच्यात मूठ अडकते, खाली कप्पी, दोरीला कापूस तोलायचा लटकता काटा लावलाय. म्हणजे लांब उभं राहून ओढता येतं. लावण्याआधी धनुष्य हातात घेतलं आणि पाठीवरून अंगठा फिरवला, तुमच्यासारखाच, मुठीपासून वर. ऊन एवढं होतं की डोळे मिटूनच घेतले होते. वीतभरावर अंगठा आपोआप थांबला. टेंगूळ. आणि ते चढायच्या आधीच रेघा कळतात, बाबा, कशा वळायला लागल्या ते अंगठ्याला कळतं. मी तुमच्या निम्मीही सुतार नाही. मला डोळे मिटून कळतं.

मी तिथंच पायरीवर बसले. अठ्ठावीस वर्षं मी समजत होते की चहाच्या पाण्यानं मी तुम्हाला फसवलं. रंग डोळ्यांना फसवतो. अंगठ्याला कसा फसवेल? तुम्ही ते टेंगूळ चार महिने रोज हाताखालून नेलं होतं. त्या सकाळी तुमचा अंगठा वर गेला आणि तिथं काहीच नव्हतं. मग तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मग मला दारात उभं केलंत.

काहून ताणलं मग? परत खुंटीला लावायचं होतं. मी या प्रश्नावर अर्धा तास उन्हात बसले. तिघं बसले होते समोर, नाही ताणलं तर का नाही ते सांगावं लागलं असतं, आणि सांगायचं तर माझं नाव घ्यावं लागलं असतं. की धामणीवर तुमचा एवढा भरवसा होता की सोललेल्या पाठीनंही ती निभावून नेईल असं वाटलं? मला माहीत नाही. एवढं माहीत आहे की मोडल्यावर तुम्ही रक्त पुसायच्या आधी लाकडाचं नाव घेतलंत. जी गोष्ट कमवायला तुम्हाला वीस वर्षं लागली ती तुम्ही एका वाक्यात देऊन टाकलीत, आणि मी दारात तोंड फुगवून उभी होते.

दोन वाजता ओढायला घेतलं. बावीस इंच, दोन्ही हात सारखे वाकले. तेवीस. चोविसावर टक् असा आवाज आला आणि माझ्या हातातली दोरी सुटता सुटता राहिली. सगळं सैल करून इंचाइंचानं तपासलं, लाकूड ठीक होतं, दोरी खाचेत नीट बसली एवढंच. परत बावीस, परत चोवीस. घाम डोळ्यांत जात होता, पुसायला हात मोकळा नव्हता. पंचवीस. गाठीपाशी रेघा ताणल्या गेलेल्या लांबूनही दिसत होत्या. सव्वीस. काटा चौदा किलोवर थांबला. मी सोडलं, परत ओढलं, वीसदा ओढलं. मग फळीवरून काढून हातात घेतलं आणि हाताचा पहिला पुरा ताण घेतला, कानापाशी आणून, लाकूड माझ्या डोळ्यापासून हातभर अंतरावर. काही झालं नाही.

तेवढ्यात धाकट्याचा फोन. त्याच्या मागे काँक्रीट मिक्सरचा खडखडाट चालला होता.

"मोडलं काय?"

"नाही."

"पुरं ताणलं?"

"पुरं. वीस-पंचवीसदा."

"मंग बाबाचं कसं मोडलं?"

या प्रश्नाला माझ्याकडे इतकी वर्षं एकच उत्तर होतं आणि ते आता चालत नव्हतं. मी म्हटलं, "मी पाठ रंधली होती. बाबा चांदूरले गेले होते तवा."

"कोन? तू?"

"मी."

मिक्सर बंद झाल्यासारखा वाटला, किंवा तो त्याच्यापासून लांब गेला असेल. "बाबाले मालूम होतं?"

"होतं. मले आज समजलं."

तो चिडेल असं वाटलं होतं. चिडायला हवं होतं, किराणा दुकानासमोरचं ते बोलणं त्यानंही लहानपणी ऐकलंय. तो एवढंच म्हणाला, "उद्या येतो. पाहू दे मले थे." आणि फोन ठेवला. मी अजून त्याच्या चिडण्याची वाट बघतेय.

तर बाबा, तुमची निवड बरोबर होती. सातवा ओंडका धड होता. हे मी आता वलगावात जाऊन, जे कुणी उरलेत त्यांना, त्यांच्या ओसरीवर बसून सांगणार आहे. हे पत्र मात्र कुठं टाकायचं हा प्रश्नच नाही, ते हत्यारांच्या पेटीत पॉलिश पेपरच्या खाली जाईल.

एक राहिलं. मला घाई नव्हती. पाऊस महिनाभरावर आलाय, आयटीआयला सुट्टी आहे, धनुष्य कुणाला द्यायचं नाही. उन्हाळ्याच्या दुपारी ताणू नये हे तुम्ही शिकवलंत आणि मी स्वतः दर वर्षी पोरांना सांगते. तरी मी मे महिना निवडला, त्यातही दुपार, त्यातही दोनची वेळ, आणि गेले पंधरा दिवस ते पाण्याजवळ ठेवलं नाही, टिनाखाली ठेवलं. मोडावं म्हणून.

आता ते आत आणून माठाजवळ उभं केलंय.